बेलखारच्या बांधावर जनूशेठ

पेण-अलिबागच्या पट्ट्यात मला चेहऱ्याने ओळखणारे कमी, आवाजाने ओळखणारे जास्त. एसटीत शेजारच्या माणसाशी दोन वाक्यं बोललो की तो मान वळवून बघतो आणि विचारतो, "तुम्ही ते माईकवाले दिगूभाऊ काय?" मी हो म्हणतो. मग तो सांगतो की त्याच्या हळदीला, नाहीतर त्याच्या गावच्या क्रिकेटच्या सामन्यांना, नाहीतर त्याच्या आजोबांच्या शोकसभेला माझाच आवाज होता. तिन्ही ठिकाणी मीच होतो असंही एकदोघांच्या बाबतीत निघालं.

माझा धंदा बोलण्याचा. सुरुवात रिक्षातून झाली. टपावर कर्णा बांधायचा, मागे माईक घेऊन बसायचं आणि गावोगाव सांगत फिरायचं: आज सर्कस आहे, उद्या नळाला पाणी येणार नाही, परवा डोळे तपासणीचं शिबिर आहे. पुढे सामन्यांचं समालोचन, बैलगाड्यांच्या शर्यती, भूमिपूजनं, सत्कार, निवडणुकीच्या सभा असं सगळंच आलं. शेवटी घसा बसला तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, आता गप्प राहा. बायको म्हणाली, हे मी लग्नापासून सांगतेय.

लोकांना वाटतं, या कामाला फक्त मोठा आवाज लागतो. खरं म्हणजे बेत लागतो. रिक्षा चालत असते, त्यामुळे ओट्यावर बसलेल्या बाईला तुमचं जेमतेम एक वाक्य ऐकू येतं. काय, कुठे आणि कधी, हे सगळं त्या एका वाक्यात बसवावं लागतं. खाडीकडचा वारा असेल तर शब्द शेजारच्या गावाला ऐकू जातात आणि समोरचा माणूस "काय म्हनलास?" विचारत राहतो. स्टेजवरचा बेत आणखी वेगळा. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, यावरून पाहुणे पायऱ्या उतरून चालते झालेले मी पाहिलेत.

पालीला बल्लाळेश्वराच्या माघी उत्सवात हरवलेली मुलं माझ्याकडे आणून बसवत. एका चिमुरडीला नाव विचारलं तर म्हणाली, "बाळ." आईचं नाव? "आई." गाव कुठलं? "आमचं." मी तसंच सांगितलं. 'आमचं' या गावची बाळ सापडली आहे, आईचं नाव आई, अंगात निळा फ्रॉक. मंडपभर हशा पिकला आणि त्या हशातून वाट काढत एक बाई रडत धावत आली. माणगावच्या एका कापडवाल्या काकांनी तर मला दुकानात बसवून सांगितलं, "मी गेल्यावर शोकसभेत काय बोलशील ते आत्ता बोलून दाखव. तेव्हा मला ऐकू येणार नाही." मी बोललो. काकांनी डोळे पुसले, मग जरा विचार करून म्हणाले, "बाकी ठीक आहे. तेवढं 'मनमिळाऊ' काढ. बायको समोर बसलेली असेल."

असे किस्से पुष्कळ आहेत. पण चार माणसं जमली की शेवटी एकच विचारतात, "जनूशेठचं नेमकं काय झालं हो? तुम्ही तर जवळून पाहिलंत." म्हणून तेच लिहितो.

जनार्दन मोकल आमच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातला, मिठागरात वाढलेला माणूस. आईबाप दोघं मिठागरात राबणारे. मिठाच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, ते तुडवण्याचं काम त्याने पोरवयात केलेलं. मग मिठाच्या ट्रकवर क्लीनर झाला, ड्रायव्हर झाला, स्वतःचा ट्रक घेतला. डंपर आले, पोकलेन आले, खडीचा क्रशर आला, हायवेला हॉटेल उभं राहिलं. रस्ते, धक्के, पूल, जे काम निघेल ते त्याच्या कंपनीकडे. जनूचा जनूशेठ झाला. वाढदिवसाला पेणपासून वडखळपर्यंत फलक लागायचे आणि त्याच्या नावाच्या क्रिकेट चषकाला लांबलांबून संघ यायचे.

त्या सगळ्या कार्यक्रमांना माईक माझ्याकडे असायचा. खारेपाटाचा सूर्य, गोरगरिबांचा कल्पवृक्ष, असं मी काय काय म्हणायचो. एका वाढदिवसाला शेठने मला स्टेजच्या मागे बोलावलं.

"दिगूभाऊ, ते सूर्यबिर्य जरा कमी करा."

"का हो शेठ?"

"आई पहिल्या रांगेत बसलीय. ती हसते."

माणूस असा होता. गावाला रुग्णवाहिका दिली तर तिच्यावर स्वतःचा फोटो लावू दिला नाही. ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला स्वतः उभा राहायचा. पण काम वाढत गेलं तसं त्याचं कामावर जाणं कमी होत गेलं. आधी तो पहाटे जाऊन खडी मुठीत धरून बघायचा. नंतर गाडीची काच खाली करून बघायला लागला. पुढे पुढे तर काचही खाली होईना.

बेलखारचं काम त्याला मिळालं ते याच दिवसांत.

आमच्याकडे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध असतो. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि खारं पाणी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच उभं असतं. बांधाला कुठे भगदाड पडलं की त्याला आम्ही खांड म्हणतो, आणि खांड पडली की खारं पाणी शेतात शिरून जमीन कित्येक वर्षं नासते. बेलखार गावचा बांध जुना झाला होता. तो नव्याने बांधायचं काम शेठच्या कंपनीने घेतलं आणि पोटठेकेदाराला दिलं. बांधाला खाडीतली चिकण माती लागते, तीही थराथराने तुडवलेली. पोटठेकेदाराने मुरूम ओतला आणि रस्त्यावरून दिसेल तेवढ्या भागाला दगड लावले.

काम पुरं झाल्याचा कार्यक्रम रस्त्याच्या टोकाला स्टेज घालून झाला. निवेदन माझंच होतं. शेठने फीत कापली, नारळ फोडला, भाषण केलं आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेला. बांधावर तो पाऊलभरही चालला नाही.

पुढच्या पावसाळ्यात, लावण्या नुकत्या आटपल्या होत्या तेव्हा, मोठं उधाण आलं. भर दुपारी बांध झिरपायला लागला. गावातले गडी गोणी घेऊन धावले. त्यांत महादू घरत होता, साठीला टेकलेला, पण सगळ्यांच्या पुढे. तो उभा होता तिथेच बांध बसला. बाकीच्यांनी आरडाओरडा करत मागे उड्या मारल्या. महादू पाण्याबरोबर आत गेला.

सरकारी कचेरीने मला रिक्षा घेऊन पाठवलं. घरं सोडा, शाळेत चला, एवढंच सांगत मी घोट्याएवढ्या पाण्यातून फिरत होतो. महादूची बायको नामीबाय दारात उभी होती. ती हलेना. "ते आल्याशिवाय कशी येऊ?" एवढंच म्हणत होती. तिला बायकांनी धरून नेलं. ओहोटीने पाणी खांडीतून परत ओढलं आणि दुसऱ्या दिवशी महादूचा देह तिवरांत सापडला.

शेठ गायब झाला. काही दिवसांनी मुरुडच्या एका लॉजवर पोलिसांना सापडला. टॉवेलने तोंड झाकलेला त्याचा फोटो सगळीकडे आला. ज्या खांबांवर त्याचे फलक होते, तिथे फाटक्या चिंध्या लोंबायला लागल्या. क्रिकेट मंडळाने चषकाचं नाव बदललं.

बेलखारला निषेध सभा झाली. माईक माझ्याकडेच. त्या दिवशी मी 'शेठ' म्हटलं नाही, नुसतं 'जनार्दन मोकल' म्हटलं, आणि माझं मलाच कानाला टोचलं. नामीबायला दोन शब्द बोलायला स्टेजवर आणलं. तिने माईक हातात घेतला, त्याच्याकडे बघत राहिली आणि मला परत दिला. "ह्यात काय बोलू?" असं मला म्हणाली. ते स्पीकरवरून सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर त्या सभेत कुणाचं भाषण चढलं नाही.

खटला चालला तेव्हा साक्षीला मलाही बोलावलं होतं, कारण फीत कापायच्या कार्यक्रमाला मी होतो. शेठच्या वकिलाने सगळा दोष पोटठेकेदारावर नेला होता आणि ते बऱ्यापैकी जमतही होतं. न्यायाधीशांनी शेठला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. तो उठून उभा राहिला.

"साहेब, बांध मी पाहिला न्हाय. न पाहता सही केली, न पाहता फीत कापली. पाहिला असता तर एका पायानं कळलं असतं मला. मी मिठागरातला हाय. दुसऱ्या कोनाला कळलं नसतं तर चाललं असतं, मला कळायलाच पायजे होतं."

वकिलाने कपाळावर हात मारला. नामीबाय मागच्या बाकावर बसली होती, तिने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

शिक्षा झाली. कंपनी बुडाली, हॉटेल गेलं, डंपर गेले. मुलगा परदेशी निघून गेला आणि बापाशी बोलेनासा झाला. शेठची बायको वंदनावहिनी मिठागराजवळच्या सासऱ्यांच्या जुन्या घरात राहायला गेली. बाजारात दिसली की लोक दुसरीकडे बघायचे. मी बोलायचो. ती विचारायची, "भाऊ, घसा कसा आहे?" स्वतःचं काही सांगायची नाही.

शिक्षा भोगून शेठ सुटला त्याची बातमीसुद्धा झाली नाही. एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. केस पांढरे झालेले, मनगटं बारीक झालेली. बायकोने चहा दिला तर दोन्ही हातांनी कप धरला.

"दिगूभाऊ, काम हाय तुमच्याकडे. रिक्षा फिरवायची."

"कसली?"

"बेलखारला सांगायचं, मी रविवारी बांधावर येनार हाय. माती टाकायला."

मी म्हटलं, "शेठ, मारतील लोक."

"शेठ म्हनू नका. मारतील तर मारतील. पन चोरासारखा जानार न्हाय. मुरुडला लपलो ते एकदाच."

"पण आता कशाला? सरकारने खांड भरलीय की."

"मी लांबनं बघून आलो. खांड भरलीय, बाकी बांध होता तसाच हाय. एखाद्या उधानाला परत जाईल." जरा थांबून म्हणाला, "आत होतो तेव्हा रोज डोळ्यासमोर तोच बांध यायचा. आता खरा बघायचाय."

घसा बसलेला असूनही मी रिक्षा काढली. एका वाक्यात बसवलं: जनार्दन मोकल येत्या रविवारी सकाळी ओहोटीला बेलखारच्या बांधावर माती टाकायला येणार आहे, ज्याला जे बोलायचं असेल त्याने तिथे येऊन बोलावं. गावात माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. नामीबाय ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. तिने हात करून रिक्षा थांबवली.

"परत सांग."

मी माईक खाली ठेवून परत सांगितलं. तिने सुपातली मासळी एकदा पाखडली आणि आत निघून गेली.

रविवारी तो मुख्य रस्त्यावर एसटीतून उतरला आणि खांद्यावर फावडं, हातात घमेलं घेऊन चालत आला. वंदनावहिनी मागे होती. बांधावर अर्धं गाव उभं होतं. मीही होतो. सरपंच प्रमोद पुढे झाला. तिशीतला, तापट पण मनाने सरळ पोरगा. त्याचीही शेती त्या खांडीत नासली होती.

"आता कशाला आलात? निवडणूक लढवायचीय?"

"न्हाय."

"मग नाव धुवायचंय?"

"ते धुवून जायचं न्हाय," शेठ म्हणाला. "बांध कच्चा हाय, तेवढं मला दिसतं."

तो खाडीच्या बाजूला उतरला, चिकण मातीचं घमेलं भरलं, वर आणून ओतलं आणि अनवाणी पायांनी तुडवायला लागला. चारपाच खेपा झाल्या असतील. गर्दीतून कुणीतरी चिखलाचा गोळा फेकला, तो त्याच्या पाठीवर बसला. शेठने मागे वळून पाहिलं नाही. दुसरा गोळा उचलणाऱ्या हाताकडे बघून नामीबाय ओरडली, "फेकू नको रे! तो चिखल बांधाला लागतो."

सगळे थांबले. ती काठी टेकत पुढे आली आणि शेठच्या समोर बांधावर बसली.

"माझा मानूस हितं गेला. तू टाक माती. मी बघते."

आणि ती खरंच बघत बसली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. रोज ओहोटीच्या वेळेला तो यायचा आणि ती यायची. दोघांत बोलणं जवळपास नव्हतंच. खेकडे बांधाला बिळं पाडतात आणि तिथूनच पाणी झिरपायला सुरुवात होते. नामीबाय चालताना काठीने दाखवायची, "हितं." तो म्हणायचा, "व्हय." आणि बीळ खणून, चिखल भरून, तुडवून बंद करायचा. कितीतरी दिवस त्यांच्यात एवढेच दोन शब्द होते.

पूर्वी आमच्याकडे जोळ असायची. म्हणजे घरटी एका माणसाने येऊन बांध राखायचा, कुणी बोलवायची वाट बघायची नाही. ठेकेदारी आली आणि जोळ गेली. शेठ एकटा खपतोय हे बघून आधी एक म्हातारा आला. तो थोड्या अंतरावर माती तुडवायला लागला. मग त्याची सून आली. मग आणखी दोन घरं. एके दिवशी प्रमोद आला, फावडं घेऊन. म्हणाला, "तुमच्यासाठी नाय आलोय. माझं शेत आहे मागं." शेठ म्हणाला, "शेतासाठीच यायचं असतं, सरपंच."

बातमी पसरली तसा मोबाइलवर चित्रण करणारा एक पत्रकार आला. त्याला पाहिल्यावर शेठने घमेलं खाली ठेवलं आणि सरळ घरी चालायला लागला. पत्रकार मागे धावला, तेव्हा नामीबायने काठी आडवी धरली. "त्याचा काय काढतोस? बांधाचा काढ." बिचाऱ्याने मग बराच वेळ नुसता बांधच काढला.

शेठची जुनी माणसंही पुन्हा उगवली. पेणला मोठा पुनरागमन सोहळा करायचा, निवेदन माझं, असा बेत घेऊन ती माझ्याकडे आली. त्यांत राखेतून उठलेला गरुड वगैरे सगळं होतं. मी तो निरोप बांधावर जाऊन शेठला सांगितला. तो चिखलात उभा होता. हसला, सुटून आल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो. म्हणाला, "त्यांना सांगा, आधी बांधाला एक पावसाळा काढू द्या."

आणि तो पावसाळा आला.

मोठ्या उधाणाच्या दिवशी सकाळपासून सगळं गाव बांधावर होतं. मीही रेनकोट घालून गेलो. पाऊस आडवा लागत होता. दुपारी पाणी चढायला लागलं. तिवरांचे शेंडे बुडाले, मग पाणी बांधाच्या माथ्याच्या जवळ आलं. शेठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून बघत फिरत होता. जुन्या खांडीपासून थोड्याच अंतरावर त्याला आतल्या बाजूने गढूळ पाणी झिरपताना दिसलं. बाहेरच्या बाजूने बीळ बुजवायला हवं होतं. त्याने गोणी खांद्यावर घेतली आणि खाडीच्या बाजूने पाण्यात उतरायला लागला.

"उतरू नको!"

नामीबायचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वारा समोरून होता तरी तो सगळ्यांना ऐकू आला.

"शेठ, उतरू नको तिथं! ते पन असेच पुढं गेले!"

शेठ जागच्या जागी थांबला. छातीपर्यंत पाणी, खांद्यावर गोणी. प्रमोदने धावत जाऊन दोर आणला, शेठच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक सात-आठ गड्यांनी धरलं. नामीबायनेही धरलं. वंदनावहिनी तिच्या मागे उभी राहून तिला धरून होती. शेठ उतरला, चाचपडून बीळ शोधलं, गोणी दाबली, दुसरी मागितली, तिसरी मागितली. आतलं पाणी हळूहळू स्वच्छ होत गेलं आणि थांबलं.

त्याला वर ओढलं तेव्हा तो थरथरत होता. सगळे पाण्याकडे बघत उभे होते. मग तिवरांचे शेंडे पुन्हा दिसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "उतरलं." प्रमोद बांधावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. नामीबायने अंगावरची घोंगडी काढून शेठच्या खांद्यावर टाकली आणि तशीच भिजत घरी गेली.

खाऱ्या जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. ते गेले. सुरुवातीला शेतात नुसतं गवत आलं, मग थोडा तांबडा भात आला, आणि एका वर्षी बेलखारची सगळी शेतं पिकली. आजूबाजूच्या गावांनीही जोळ सुरू केली आणि त्यांच्या बांध समितीचा अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी शेठचं नाव घेतलं. त्याने नको नको म्हटलं, पण प्रमोद ऐकेना. कचेरीतले साहेब लोक नव्या कामावर त्याला सोबत घेऊन जायला लागले. काम पाहायला तो गाडीतून जात नाही. बांधाच्या एका टोकाला उतरतो आणि चालत दुसऱ्या टोकाला निघतो. साहेबांनाही चालावं लागतं. मुलगा मागच्या वर्षी येऊन गेला. बापलेक दोघं बांधावरून चालत होते, असं मला वंदनावहिनीने सांगितलं.

गावकीने त्याचा सत्कार ठरवला. निवेदन अर्थात माझं. मी बरेच दिवस बोलणं सोडलेलं होतं, पण याला नाही म्हणवेना. नावाआधी काय लावायचं, यावर माझं अडलं. सूर्य नको, गरुड तर नकोच. नामीबायला विचारायला गेलो. ती अंगणात भात वाळवत होती.

"नाव घे," ती म्हणाली. "आनि शेठ म्हन. त्याला शेठ म्हनायची सवय हाय आमाला."

कार्यक्रम साधा होता. पूर्वी ज्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, ते पुढारीही आले होते. मी म्हटलं, "जनूशेठ मोकल," आणि बाजूला झालो. टाळ्या लवकर थांबेनात. शेठ माईकसमोर आला तेव्हा त्याच्या हातात शाल तशीच घडी घातलेली होती.

"महादूदादा माझ्यामुळं गेले," तो म्हणाला. "हा सत्कार झाल्यामुळं ते बदलत न्हाय. तुम्ही मला परत गावात घेतलंत, एवढं मी मरेपर्यंत इसरनार न्हाय." एवढं बोलून तो बाजूला झाला. प्रमोदने नारळ-गुळाचा प्रसाद वाटायला सुरुवात केली.

सगळ्यांनी माफ केलं असं नाही. महादूचा धाकटा भाऊ त्या दिवशी मुद्दाम गावाबाहेर गेला होता. तो अजून शेठ समोरून आला की वाट बदलतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही, शेठ तर नाहीच.

नामीबायही मंडपात दिसली नव्हती. लोक शेठबरोबर फोटो काढून घेत होते, तेव्हा ती मंडपाच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हाताला हळद लागलेली.

"झालं काय तुमचं?" तिने विचारलं. "मग चला जेवायला. वहिनी, तुमी पन. माईकवाले, तुमी पन."

शेठ जागचा हलेना. त्या घराच्या ओट्यावरही तो कधी चढलेला नव्हता. वंदनावहिनीने त्याच्या कोपराला हात लावला तेव्हा तो चालायला लागला.

आत जमिनीवर पाट मांडले होते. भिंतीवर महादूचा फोटो होता, त्याला ताजा हार. नामीबायने जिताड्याचं कालवण केलं होतं. आमच्या खारेपाटात हा मासा मानाच्या पाहुण्याला करतात. तिने नव्या तांदळाचा तांबडा भात शेठच्या ताटात वाढला. वाफ वर येत होती. शेठ खाली मान घालून बसून राहिला. त्याचा हात काही भाताकडे जाईना. आम्ही कुणीच सुरुवात केली नाही.

नामीबाय त्याच्या समोर बसली आणि वाटीतलं कालवण स्वतः त्याच्या भातावर घातलं.

"जेवा, शेठ," ती म्हणाली. "निवेल. त्यांना पन भात गरमच लागायचा."

शेठने भात कालवला आणि पहिला घास घेतला.